पट्टा

गुलमर्गहून पार्सल आलं.
आत उर्दू वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक तुटका पट्टा
आणि दीड ओळीची चिठ्ठी:
"बाबा, या हंगामातला चौथा.
का तुटतात, बघा."
खाली सही नाही. आमच्यात ती पद्धत नाही.

हंगाम एप्रिलात संपतो म्हणे. आता मे निम्मा सरला.
जीवाजीगंजात सेहेचाळीस डिग्री,
शटरला हात लावला तर चटका बसतो.
लखननं पट्टा उचलून खांद्यावर टाकून पाहिला,
"उस्ताद, ये स्कूटर का तो नहीं."
नाही. बर्फावरच्या गाडीचा आहे.
लखन हसला. त्याच्या लेखी बर्फ म्हणजे
गोळेवाल्याचा रंधा आणि वर काला खट्टा.
मलाही त्यापलीकडे काही ठाऊक नाही.

पट्टा मात्र ठाऊक आहे.
तीस वर्षं बिनगिअरच्या स्कूटरी उघडतोय:
दोन पुल्या, मधे रबर,
एक मिटत जाते तशी दुसरी उघडत जाते.
घरात एवढं जमलं असतं तर...
असो.

उन्हात धरून वाचायला घेतला.
कडा काचेसारख्या गुळगुळीत. म्हणजे घसरत होता.
दात शाबूत, कडेचे दोरे सुटलेले.
यशोधन, मागे दोन-दोन पर्यटक बसवत असशील,
भुसभुशीत बर्फात, चढावर,
आणि मालकानं गिअर लावलाय सपाटीवर पळण्याचा.
पट्टा पुढच्या पुलीच्या तळाशीच रुतून राहतो,
वर सरकायला मिळतच नाही त्याला,
तिथंच भाजतो.
थंडीत कसा भाजेल, लखन म्हणाला.
त्याचं अजून लग्न व्हायचंय.

उरवाईच्या चढावर हेच.
तिघं बसून किल्ल्याकडे निघतात, अर्ध्यात धूर,
मग गाडी ढकलत माझ्या दारात
आणि वर ऐकवतात, पट्टा डुप्लिकेट होता.
मरतो पट्टा, पाप भलत्याचं.

अंगठा कडेवरून फिरत होता तो एका जागी अडला.
दोन बोटं रुंद खळगा,
दोन्ही बाजूंनी कुरतडल्यासारखा, करपलेला.
हे ओझ्याचं काम नव्हे.
इथं गाडी हललीच नव्हती.
खालचा ट्रॅक गोठून बर्फाला चिकटला होता,
पुढची पुली फिरत राहिली पट्ट्याच्या त्याच जागेवर
आणि तू ॲक्सिलरेटर सोडला नाहीस.
अंगठ्यानं दाबतात तो, फोनवर एकदा तूच म्हणाला होतास.

आठ सेकंद. दहासुद्धा असतील.
एवढा वेळ माणूस उगाच दाबून धरत नाही.
उजेड जात असतो,
हाकेच्या अंतरात कुणी नसतं.

लखन समोरच होता. त्याला म्हटलं, चहा सांग.

रात्री बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलं:
वरचं चक्र दोन दात लहान बसव.
वेग जाईल. जाऊ दे.
पुल्या पुसून कोरड्या कर, ग्रीसचा हात लावू नकोस.
दोन्ही एका रेषेत आहेत का, सुतळी ताणून बघ.
नवा पट्टा साबणाच्या कोमट पाण्यानं धू,
पहिले दोन दिवस पाहुण्यासारखा वागव.
त्यावरचा बाण ज्या दिशेला, त्याच दिशेनं चढव.
आणि सकाळी निघण्याआधी
गाडी मागून उचलून आपट,
ट्रॅक सुटलाय का बघ, मगच अंगठा.
हे मी दोनदा लिहिलं.

घरी का आला नाहीस ते विचारलं नाही.
शेवटी लिहिलं,
सोबत एक जादा पट्टा कायम असू दे.
पुढं "आणि एक माणूस" असं लिहून
खोडलं,
वाचता येईल इतपत.